पीसीचा एसएमपीएस आणि कूलर बदलायचाय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

नात्यात नाहीतर बिल्डिंगमध्ये कोणाचा पीसी बंद पडला की फोन मला येतो. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाचे लिहून टाकतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल. एसएमपीएस म्हणजेच पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन पीसीला पुरवणारा बॉक्स. कूलर म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा भाग. नेटवर सगळे पीएसयू लिहितात पण दुकानात जाऊन पीएसयू मागितलात तर समोरचा यूपीएस काढून दाखवतो, म्हणून मी इथे एसएमपीएसच लिहिणार.

पीसी मध्येच धाडकन बंद पडतो. एसएमपीएस गेला की गरम होतोय?

बंद कसा पडतो ते बघा. प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, गेम अडखळायला लागतो, पंखा बोंबलतो, आणि एवढं होऊनही तापमान उतरलं नाही तर मग बंद. एसएमपीएसचं तसं नसतं, सगळं मस्त चाललेलं असतं आणि एका क्षणात अंधार, बहुतेक वेळा नेमका गेममध्ये मोठा सीन आला की, कारण तेव्हाच ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त करंट ओढतं. दुसरी खूण म्हणजे सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो, मग तीनचार वेळा दाबल्यावर एकदाचा चालू होतो. आणि जळका वास आला तर पुढे काही तपासत बसू नका, प्लग काढा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ दिसतं आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. ते तर आपल्याला आधीच माहीत असतं ना!

किती वॅटचा घेऊ?

बेरीज करा. कार्ड किती खातं, प्रोसेसर फुल लोडला किती खातो, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे सगळ्यांचे मिळून ५०-६० धरा. उदाहरणार्थ इंटेलचा आय५ १२४०० प्रोसेसर टर्बोत (म्हणजे पूर्ण वेगात) ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं, म्हणजे सगळं मिळून ३५० च्या आसपास. याला चांगला ५५० पुरे. कार्ड नसेल, नुसतं टॅली आणि यूट्यूब असेल, तर अख्खं मशीन दीडशेच्या वर क्वचित जातं, तिथे ४०० चा चांगला एसएमपीएससुद्धा आरामात बसतो. दुकानदार ७५० गळ्यात मारायला बघतो, 'पुढे अपग्रेड कराल' म्हणतो. खरंच वर्षभरात मोठं कार्ड घेणार असाल तर घ्या, नाहीतर त्याच पैशात ५५० किंवा ६५० चा वरच्या दर्जाचा येतो, तो घ्या.

माझ्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय, मग कमी कसा पडेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांबण लावतो.

गिरगावात माझ्या मावसभावाचा पीसी. ३०६० घेतलं, आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, बाहेर मोठ्ठं ४५० छापलेलं. त्याला कार्डासाठीचा ८ पिनचा कनेक्टर नव्हताच म्हणून दुकानदाराने दोन मोलेक्स (जुने ४ पिनचे कनेक्टर) जोडून एक ८ पिन करणारी वायर दिली, 'चालतंय ओ' म्हणाला. महिनाभर चाललं, मग गेम लावला की दहा मिनिटांत बंद. मी जाऊन साइड पॅनल काढलं तर त्या मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखं तपकिरी झालेलं, पिवळी वायर कनेक्टरजवळ वाकवली तर कडक लागली, आतलं इन्सुलेशन भाजून घट्ट झालेलं.

मग बॉक्स फिरवून बाजूचं लेबल वाचलं. त्यावर एक छोटा तक्ता असतो, ३.३, ५ आणि १२ व्होल्ट आणि खाली अँपिअर. हल्लीच्या मशीनमध्ये कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते १२ व्होल्टच्या ताटात. आणि १२ व्होल्टखाली लिहिलेलं १६ अँपिअर. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. एकट्या कार्डालाच १७० लागतात! बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनला दाखवून आणि थोडी हवा भरून ४५० केलेले. चांगल्या ५५० च्या एसएमपीएसला १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळेच. तर दुकानात गेलात की बॉक्स उलटा करा आणि हा एक आकडा बघा. लेबलवर तक्ताच नसेल तर बॉक्स परत काउंटरवर ठेवा.

(भावाचं कार्ड वाचलं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.)

ब्राँझ घेऊ की गोल्ड? लाइट बिल कमी येईल का?

ब्राँझ, गोल्ड या ८० प्लस नावाच्या शिक्क्याच्या पायऱ्या. हा शिक्का एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णता म्हणून वाया जाते. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो वेळेवर ट्रिप होतो का, याच्याशी शिक्क्याचा संबंध नाही. बिलाचं गणित करून टाकू. पीसी ३०० वॅट खातोय, एक एसएमपीएस ८५ टक्के आणि दुसरा ९० टक्के, तर भिंतीतून ३५३ आणि ३३३, फरक २० वॅटचा. रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेतीन युनिट, युनिटला १० रुपये पकडले तर ३५-३६ रुपये. एका वडापावचे दोन झाले फार तर. म्हणून निव्वळ बिलासाठी गोल्ड घेऊ नका. पण गोल्डमध्ये आतले पार्ट बऱ्याचदा बरे असतात, वॉरंटी पाच-सात-दहा वर्षांची मिळते आणि ते २० वॅट तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत उष्णता म्हणून पडत नाहीत, यासाठी घ्यायचा तर घ्या.

जुन्या एसएमपीएसच्या केबल तशाच ठेवून नुसता बॉक्स बदलला तर?

नको!! मॉड्युलर एसएमपीएसमध्ये केबल काढता-घालता येतात आणि लोकांना वाटतं की वायर नीट बांधलेल्या आहेतच तर कशाला काढा. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला काही स्टँडर्डच नाही, कंपनी बदलली की पिना बदलतात आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळ्या असतात. केबल बसते छान, टक्क आवाजही येतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क मरते, फोटो वगैरे सगळं घेऊन. नवीन बॉक्स, नवीन केबल.

अजून एक, प्रोसेसरची ८ पिन (४+४ अशी तुटते) आणि कार्डाची ८ पिन (६+२) दिसायला बहिणी-बहिणी आहेत पण वायरिंग उलटं आहे. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची आहे.

नवीन कार्डाला ती छोटी १६ पिनची वायर आहे, त्याचं काय?

नवा एटीएक्स ३ (एसएमपीएसचं नवं स्टँडर्ड) वाला एसएमपीएस घेणार असाल तर ती केबल सोबत येते. नसेल तर कार्डाच्या बॉक्समधला अडॅप्टर वापरा, चालतो. काळजी एकच, पूर्ण आत दाबायची, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वायर मुरडायची नाही. अर्धवट बसली की तिथेच तापते आणि वितळते. साइड पॅनलची काच वायरला दाबत असेल तर कॅबिनेट छोटं पडतंय असं समजा.

ऑफिसचा जुना डेल किंवा एचपी स्वस्तात घेतलाय, त्यात साधा एसएमपीएस बसेल?

घेण्याआधी उघडून बघा. बोर्डावर २४ पिनचा लांब कनेक्टर असेल आणि बॉक्स नेहमीच्या मापाचा असेल तर बसेल. बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये ६ किंवा ८ पिनचा त्यांचाच कनेक्टर असतो आणि बॉक्सही चपटा, लांबट. कन्व्हर्टर वायर मिळते पण कॅबिनेटमध्ये बॉक्स मावायला हवा ना. अशा मशीनला मी सरळ ७५ वॅटच्या आतलं, बाहेरून वायर न लागणारं कार्ड घ्यायला सांगतो, तेवढे वॅट स्लॉटमधूनच मिळतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुधा नाही, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात आणि बॉडी अर्थला. अर्थच नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण तीच बॉडी पुढे यूएसबी, मॉनिटर, स्पीकर सगळ्यांना जोडलेली आहे. जुन्या चाळींत आणि पागडीच्या घरांत हे इतकं कॉमन आहे की लोकांना ते पीसीचं वैशिष्ट्य वाटतं. वायरमनला बोलावून त्या सॉकेटला अर्थ आहे का तपासा. तीन पिनमधली जाड पिन कापून टाकणं किंवा अर्थची वायर नळाला बांधणं हे प्रकार कृपा करून करू नका, कोणीतरी खाली त्याच नळाला हात लावून उभं असतं. आणि खरोखर झटका बसत असेल, नुसत्या मुंग्या नाही, तर आधी प्लग काढा.

यूपीएस आहे, तरी लाइट गेली की पीसी बंद होतो. असं का?

दोन कारणं. एक म्हणजे साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो, गेम चालू असताना लाइट गेली की तो बसतो. दुसरं म्हणजे बॅटरी, ती दोनतीन वर्षांत मान टाकते आणि आपण बघतही नाही. स्वस्त यूपीएसची लहर चौकोनी असते आणि काही नव्या एसएमपीएसना ती चालत नाही हेही खरं, पण आधी बॅटरी बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती तेव्हा वर्क फ्रॉम होमवाल्या किती जणांना आपल्या यूपीएसची बॅटरी मेलीय हे त्या सकाळी कळलं! यूपीएस फाइल सेव्ह करून शटडाउन करण्यापुरता, त्याच्यावर मॅच पूर्ण करायची नसते.

क्लिप लावून एसएमपीएस चेक करतात ते घरी करू का? उघडून साफ केला तर?

२४ पिनमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडली की तो चालू होतो, बरोबर. पण त्यातून एवढंच कळतं की पंखा फिरतो. लोडवर १२ व्होल्टचे ११ होतायत का ते कळत नाही आणि आजार तर बहुतेक तिथेच असतो (११.४ ते १२.६ पर्यंत चालतं). ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस तासभर उधार आणून लावून बघा, सगळ्यात खात्रीची टेस्ट तीच.

उघडायचा मात्र नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सवातीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसून राहू शकतात. जाळीतून ब्लोअर मारा, तेवढं पुरे.

मागे लाल छोटा स्विच असेल, ११५/२३० वाला, त्याला हात लावू नका. ११५ वर सरकवून चालू केलात तर दिवाळी लवकर येते.

लॅमिंग्टन रोडला (मुंबईतलं कॉम्प्युटरचं मार्केट) जाऊ की ऑनलाइन मागवू?

दोन्हीकडचा भाव बघा. ग्रँट रोड स्टेशनला उतरून ईस्टला चालत दहा मिनिटं, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण कोणी म्हणत नाही. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तिथे जाण्याचा फायदा म्हणजे बॉक्स हातात घेऊन लेबल वाचता येतं, वजन करता येतं (हलका लागला तर आत हीटसिंकच्या (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) नावाने पत्रा असतो). 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणतात तेव्हा मोहात पडू नका, १८ टक्के जीएसटी वाचवाल आणि तीन वर्षांनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बिल मागितलं की तोंड बघत बसाल. एकदा बसलोय म्हणून सांगतो. सेकंडहँड प्रोसेसर, रॅम खुशाल घ्या, सेकंडहँड एसएमपीएस नको.

आता कूलर. प्रोसेसर ८५ डिग्री दाखवतोय, घाबरू का?

खोली किती गरम आहे? कुठलाही पंखा किंवा पाणी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री राहायचं ते ठरवतो. तुमचा कूलर फुल लोडवर ५० डिग्री वर ठेवत असेल तर मेमध्ये ३४ च्या खोलीत ८४ आणि एसी लावून २४ केली तर ७४. म्हणून नेटवरचे परदेशी रिव्ह्यू बघताना त्यांची खोली २०-२२ ची असते हे लक्षात ठेवा आणि १०-१२ डिग्री मनात मिळवा. इंटेलचे बहुतेक नवे प्रोसेसर १०० ला हात आखडता घेतात, एएमडीचे रायझन ७००० वाले तर ९५ पर्यंत जायलाच बनवलेत. गेममध्ये ८५ म्हणजे काळजी नाही, नुसतं क्रोम उघडं असताना ८५ म्हणजे काहीतरी बिघडलंय, कूलर हललाय किंवा पंखाच बंद आहे.

कूलर लिक्विड (पाणी फिरवणारा) घेऊ की एअर (नुसत्या पंख्याचा)?

६५ वॅटवाल्या प्रोसेसरला १२० मिमी पंख्याचा एक टॉवर कूलर, विषय संपला. त्यात बिघडला तर पंखाच बिघडतो आणि तो कुठेही मिळतो. लिक्विडमध्ये पंप बंद पडला तर अख्खा सेटच टाकायचा. आय९ सारखा अडीचशे वॅट ओढणारा प्रोसेसर असेल तरच मोठ्या रेडिएटरचा विचार करा. घेण्याआधी दोन गोष्टी मोजा. टॉवर कूलर १५५-१६० मिमी उंच असतात, तुमचं कॅबिनेट तेवढं रुंद आहे का, आणि तुमच्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) क्लॅम्प सोबत येतो का. इंटेलच्या एलजीए १७०० ला भोकांचं अंतर बदललंय, आधीच्या बोर्डांचा कूलर क्लॅम्प बदलल्याशिवाय नीट बसत नाही.

पंखे कसे लावू?

पुढून आत, मागून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर दिसतो त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा आणि पुढे जाळी लावा, म्हणजे हवा जाळीतूनच येते, कुठल्याही फटीतून धूळ ओढली जात नाही.

पण आपल्याकडे खरा घोटाळा फर्निचरचा असतो. सुताराने टेबलाखाली कॅबिनेटच्या मापाचा कप्पा केलेला असतो, तीन बाजूंनी प्लायवूड आणि पुढे दरवाजा, छान सनमायका लावलेला. त्यात सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे लावले तरी तीच गरम हवा गोल गोल फिरते. कप्प्याची मागची फळी काढा, दरवाजा उघडा ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. एकाच्या घरी एवढंच केलं आणि ११ डिग्री उतरले, खर्च शून्य, सुतार मात्र रागावला.

साइड पॅनल काढून टेबल फॅन लावला तर?

आज रात्रीपुरतं ठीक. रोज नको, धूळ जाते, झुरळं जातात आणि पालीला तर एसएमपीएसची ऊब फारच आवडते.

किती दिवसांनी साफ करायचा?

वन आरके असेल आणि पीसी किचनच्या ओट्यापासून पाच फुटांवर असेल तर दोन महिन्यांनी. फोडणीचा तेलकट धूर आणि देवापुढची उदबत्ती मिळून हीटसिंकवर जो थर होतो तो ब्लोअरने उडत नाही, चिकट असतो, ब्रशने खरवडावा लागतो. हायवेला लागून घर असेल तर तीन महिने, बाकीच्यांना सहा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट किती लावायची?

मटारच्या दाण्याएवढी, मध्ये. जुनी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर जरा डावी-उजवीकडे पिळून मग उचला, नाहीतर लॉक लागलेला असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून वर येतो आणि पिना वाकतात. आणि नव्या कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा! हसू नका, गेल्या वर्षी दोन केस आल्यात.

समुद्राजवळ राहतो, पावसाळ्यात काय करू?

वर्सोव्याच्या एका ओळखीच्या घरात खिडकी समुद्राकडे. चार वर्षांत कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. खारी हवा आणि दमटपणा मिळून हे करतात, त्याला पंख्याचा इलाज नाही. खिडकीपासून लांब ठेवा, जून ते सप्टेंबर रोज थोडा वेळ चालू करा म्हणजे आतली ऊब ओल साचू देत नाही.

तळमजल्यावर असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, पाणी टेबलापर्यंत यायला नोटीस देत नाही. भिजलाच तर 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका. एसएमपीएस सोडून द्या, बोर्ड आणि कार्ड साफ करून पूर्ण वाळल्यावर वाचू शकतात.

जुना एसएमपीएस स्पेअर म्हणून ठेवू का?

खराब म्हणून काढला असेल तर नको. आमच्या माळ्यावर तीन होते, गणपतीच्या आवराआवरीत आईने विचारलं हे काय आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. ई-वेस्टवाल्याला देऊन टाका. पॉवर कॉर्ड काढून ठेवा, ती मॉनिटरलाही चालते. मॉड्युलर केबल मात्र त्याच्यासोबतच जाऊ द्या, ड्रॉवरमध्ये राहिल्या की दोन वर्षांनी कोणीतरी त्यातली एक नवीन बॉक्सला लावतो आणि मग मला फोन येतो की डिस्क दिसत नाहीये.